ऊनोदरी : भुकेची राखण

तुमसर तालुक्यातील सिहोरा हे धानाच्या पट्ट्यातील गाव. धान खरेदीचे दिवस आले की अशा गावांतील व्यापारी घरांचा दिनक्रम बदलतो. दुकानात दिवसभर चहा आणि सोबत चिवडा. दुपारी ताटावर बसावे तर भूक नाही. हिशेब आटोपेपर्यंत सूर्य मावळलेला असतो आणि दिवसभराची भरपाई रात्रीच्या जेवणात होते. सकाळी पोट जड, तोंडाला चव नाही. दोष मात्र भाताला दिला जातो.

वस्तुतः बिघडलेली असते ती भूक. दोन जेवणांच्या मधल्या काळात जठर व आतडी उरलेसुरले अन्नकण पुढे लोटून स्वच्छ होत असतात. मूठभर चिवड्यानेही हे काम थांबते. पोट भरल्याची जाणीव मेंदूला होण्यास सुमारे 20 मिनिटे लागतात; घाईने जेवणारा त्यापूर्वीच गरजेहून अधिक जेवलेला असतो.

सहा बाह्य तपांत अनशनानंतर लगेच ऊनोदरीचे स्थान आहे. पुरुषाचा पूर्ण आहार 32 घास व स्त्रीचा 28 घास मानून त्याहून एक घास कमी घेणे, हीदेखील ऊनोदरीच. उपवासाला तिथी लागते. ऊनोदरी रोज साधता येते. मात्र उपवासाच्या पारण्याला ताट भरून जेवल्यास जठरावर एकदम भार पडतो.

काटोलचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार मांडला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो महाराष्ट्रभर पोहोचविला. वारंवार खाल्ल्याने इन्सुलिन वारंवार स्रवते, हे त्यामागील सूत्र. बियासणे करणाऱ्या घरांना दोन वेळांची ही शिस्त नवी नाही. मात्र मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी, गर्भवतींनी व वृद्धांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत. वाढत्या वयाच्या मुलांवरही हा नियम लादू नये.

प्रारंभ लहानसा असावा. दुकानातील चहासोबतचा चिवडा बंद करावा, संध्याकाळचा डबा सूर्यास्तापूर्वी दुकानात पोहोचवावा आणि घास सावकाश चावावा. वाढणाऱ्यानेही ‘पुरे’ हा शब्द पहिल्यांदाच ऐकावा. आग्रहामागे प्रेम असते, हे खरे; परंतु जेवणाऱ्याची उद्याची भूक राखणे, हेही प्रेमच आहे.