सायकलवाल्याची झोप आणि आपली रात्रपाळी

ऑस्ट्रियाचे ख्रिस्तोफ स्ट्रासर हे सायकलस्वार आहेत. त्यांचा नि शेतीचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. जरा दमाने घ्या.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत साधारण ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ नावाची शर्यत असते. तिला रात्रीचा मुक्काम नाही. घड्याळ एकदा सुरू झाले की तुम्ही झोपलात तरी ते चालूच. स्ट्रासर यांनी २०११ ते २०१९ या काळात ती सहा वेळा जिंकली. २०१४ साली त्यांना ७ दिवस १५ तास ५६ मिनिटे लागली. पुढे २०२१ मध्ये त्यांनी २४ तासांत १,०२६ किलोमीटर सायकल मारली. आपली एस.टी. सुद्धा एका दमात एवढी पळत नाही!

पण मला त्यांचे न जिंकलेले दोन खेप जास्त महत्त्वाचे वाटतात. २००९ च्या पहिल्याच प्रयत्नात छातीच्या दुखण्यामुळे त्यांना शर्यत सोडावी लागली. लागोपाठ दोनदा जिंकल्यावर २०१५ ला पुन्हा तेच झाले. तेव्हा नावापायी अंगावर काढले असते, तर २०१७, २०१८ आणि २०१९ च्या विजयांचा प्रश्नच उरला नसता.

त्यांच्या आधी स्लोव्हेनियाच्या लष्करातील युरे रोबिच यांनी हीच शर्यत पाच वेळा जिंकली होती. झोपेअभावी त्यांना भास व्हायचे. रस्त्याकडेच्या टपालपेट्यांशी भांडायला ते सायकलवरून उतरत. म्हणून खावे कधी, झोपावे कधी हे मागच्या गाडीतली त्यांची माणसे ठरवीत. जागरणाने थकलेल्या माणसाला आपण किती थकलो हेच कळत नाही. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनी ही शर्यत एकट्याने पूर्ण केली. त्यांच्याही मागे गाडी होतीच. रात्री मागे गाडी ठेवणे हा तिथला नियमच आहे.

आता आपल्याकडे या. ज्या फीडरवर अजून रात्रीची लाईट आहे, तिथला गडी दिवसभर खुरपणी करून रात्री एकटा बॅटरी घेऊन दारे धरायला जातो. ओल्या हाताने स्टार्टरला हात घालतो. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरचा ड्रायव्हर दोन ट्रॉल्या जोडून खेपेमागून खेप करतो, कारण पैसे खेपेवर आहेत. डोळा लागला तर त्याला हाक मारणारे शेजारी कुणी नसते. “मला सवय आहे,” असे प्रत्येकजण म्हणतो. रोबिचनाही सवय होतीच की!

तेव्हा रात्रीच्या पाण्याला दोघांनी जा, शेजारच्या शेतकऱ्याशी पाळी लावून घ्या. घरच्यांनी “आज जाऊ नको” म्हटले तर ऐका. ट्रॅक्टरमालकांनी दुसऱ्या ड्रायव्हरचा खर्च हंगामाच्या हिशोबातच धरावा. सरपंच आणि ग्रामसेवकांना विनंती, की गळीत सुरू होण्याआधीच्या ग्रामसभेत गावातल्या ट्रॉल्यांच्या रिफ्लेक्टरचा आणि ड्रायव्हरांच्या पाळ्यांचा विषय घ्यावा. कारखान्याच्या शेतकी विभागाच्या माणसालाही त्या दिवशी बोलावून घ्या.