तपास कुणाच्या मरणाचा?

वाढवणच्या किनाऱ्यावर, बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या सावलीला, एका पोराच्या मोबाइलवर 'मानवत मर्डर्स' बघत होतो. 2024 ची मालिका. त्यातला तो शांत पोलीस अधिकारी म्हंजे रमाकांत कुलकर्णी. पोरगं म्हणालं, "दादा, असाही पोलीस असतो? आपल्याकडे तर येतात ते बंदोबस्तालाच!"

दोस्तांनो, आपल्या पानावर पोलिसाची आठवण? शिव्या घाला पाहिजे तर. पण आधी ऐका.

1968 साली मुंबईच्या उपनगरांत झोपड्यांत, फुटपाथवर झोपलेली माणसं रात्री डोकी फोडून मारली जात होती. त्याआधी 1965-66 लाही हेच झालं होतं. रामन राघव तेव्हा संशयावरून धरला गेला आणि पुराव्याअभावी सुटला. मेलेले कोण? ज्यांना दार नाही, कडी नाही, ते. त्यांच्यासाठी कोण रडणार?

कुलकर्णी तेव्हा गुन्हे शाखेचे उपायुक्त. जुनं रेकॉर्ड उपसलं, फोटो काढले, माणसं कामाला लावली. ऑगस्टमध्ये फौजदार अॅलेक्स फियालोंनी रस्त्यावर त्याला ओळखला. बोटांचे ठसे जुळले. तो तोंड उघडेना. शेवटी कोंबडी मागितली, ती खाऊ घातली, तेव्हा बोलायला लागला. जे कोठडीतल्या मारानंच सत्य निघतं म्हणतात, त्यांनी हे कपाळावर गोंदून घ्यावं.

मग परभणी जिल्ह्यातलं मानवत. 1972 ते 1974. गुप्तधनाच्या खुळापायी बायका आणि कोवळ्या पोरींचे खून. तिथंही मुंबईहून कुलकर्णीच गेले. तपास बड्या घराच्या उंबऱ्याशी थांबला नाही.

आता इथंच थांबा. जिल्हा तोच, परभणी. साल तेच, 1972. ब्राह्मणगावात आपल्या दोन बायांची नग्न धिंड काढली. त्यासाठी मुंबईहून कुणी नावाजलेला डिटेक्टिव्ह धावला? नाही! राजा ढाले 'साधना'त भडकले ते उगाच नव्हे.

म्हंजे अक्कल या खात्याकडे होती. ठसे होते, फोटो होते, चिकाटी होती. ती कुणाच्या मरणावर खर्चायची, हे मात्र जात बघून ठरत आलं.

अॅट्रॉसिटीचा कायदा 1989 चा, नियम 1995 चे. तपास उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा नाही, असं नियमातच लिहिलंय. तरी 2006 ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातले चौघं मारले गेले, आणि कोर्टात अॅट्रॉसिटी टिकली नाही.

कुलकर्ण्यांना देव करू नका. देव केला की हिशेब विचारता येत नाही. त्यांचं काम मात्र हातात धरा आणि प्रत्येक ठाण्याच्या टेबलावर आपटा. म्हणा, फुटपाथवरच्या बेवारस माणसासाठी 1968 ला जे जमलं, ते आमच्या वस्तीतल्या प्रेतासाठी आज का जमत नाही?

आम्हाला शूर पोलिसांच्या गोष्टी नकोत. तपास पाहिजे. पंचनामा पहिल्या दिवशी पाहिजे!