दुपारी एकला इफ्तार!

रमजानला पंधरा दिवस होते. रिठदच्या घरी भाच्याने मोबाइल आमच्यापुढे धरला. "मामू, हे बघा ना. वेळ नको तिथे दिसते, आणि दुपारी एकला इफ्तार सांगते!" अम्मी हसल्या, "लहान मुलांच्या अर्ध्या रोजाची असेल."

मोहल्ल्यातील मुलांनी गावासाठी वर्डप्रेसवर छोटी वेबसाइट केली आहे. मुंबईचा तक्ता उतरवून का घेतला नाही, असे कुणी विचारील. रिठद मुंबईहून साधारण चार अंश पूर्वेला आहे आणि एका अंशाला सूर्य चार मिनिटे घेतो. म्हणजे आपल्याकडची पहाट सोळा-एक मिनिटे आधी. इफ्तार उशिरा झाली तर भूक तेवढी ताणते, पण सहेरी मुंबईच्या वेळेवर केली तर रोजाच धोक्यात. म्हणून भाच्याने पीएचपी भाषेतील 'डेट सन इन्फो' या तयार फंक्शनला गावाचे अक्षांश-रेखांश देऊन त्यावर आपले फंक्शन लिहिले.

आम्ही दोघे कोड घेऊन बसलो. हिशेब बरोबर होता, चूक दाखवण्यात होती.

फंक्शन उत्तर दोन तऱ्हांनी देते. 'इको' म्हणजे उभ्या जागेवरून हाक मारून सांगणे. 'रिटर्न' म्हणजे विचारणाऱ्याच्या हातात उत्तर ठेवणे. लेखात शॉर्टकोड लिहिला की वर्डप्रेस आधी पूर्ण मजकूर जुळवते, शॉर्टकोडच्या जागी हातात आलेले उत्तर बसवते आणि मग सगळे एकदम छापते. 'इको' एवढा दम धरत नाही. म्हणून इफ्तारची वेळ चौकटीत न बसता मजकुराच्या डोक्यावर जाऊन बसली होती. 'इको' काढून 'रिटर्न' लिहिले, वेळ जागेवर आली.

थीमच्या फाइलीत तेच फंक्शन थेट बोलावले तर मात्र उलटे घडते. उत्तर हातात येते, पण पानावर काहीच दिसत नाही. तिथे फंक्शनच्या आधी 'इको' लिहावाच लागतो. वर्डप्रेसच्या घरातही अशी जोडी आहे: 'द टायटल' मथळा छापते, 'गेट द टायटल' तो नुसता हाती देते. नवशिक्याने ही जोडी एकदा लक्षात ठेवली तर त्याच्या निम्म्या रात्री वाचतील.

आता दुपारचा एक. वर्डप्रेस पीएचपीचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर ठेवते, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. साधे 'डेट' फंक्शन त्या घड्याळाप्रमाणे लिहिते, म्हणून संध्याकाळचे साडेसहा तिथे एक होतात. 'डब्ल्यूपी डेट' हे फंक्शन सेटिंगमध्ये निवडलेल्या शहराची वेळ धरते. ते 2019 मधील 5.3 आवृत्तीपासून आहे. भाच्याने मात्र कुठल्यातरी जुन्या धड्यातून 'डेट'च उचलले होते.

हे सगळे त्याने थीमच्या 'फंक्शन्स' फाइलीत लिहिले होते. थीम अद्ययावत झाली की ती फाइल नवी होते आणि आपले लिखाण जाते. आम्ही ते उचलून छोट्या वेगळ्या प्लगइनमध्ये ठेवले.

दुसऱ्या दिवशी पानावर कालचीच वेळ. साठवून ठेवलेले पान पुन्हा पुन्हा दाखवले जात होते. त्या पानापुरती साठवण बंद केली. मग भाचा मशिदीत गेला आणि तिथल्या तक्त्याशी तिसाही दिवसांचा ताळा करून आला.