गंजलेला बोल्ट आणि पाईपचा जोर



पाना फिरत नाही म्हटले की आपण पहिले काय करतो? पान्याला हातभर पाईप लावतो आणि दोघे त्यावर लटकतो. माझे स्पष्ट मत आहे, हा शुद्ध नुकसानीचा धंदा आहे. जुन्या जीपचे इंजिन खोलताना सायलेन्सरकडचा एक बोल्ट मी असाच मुंडक्यापासून तोडला. ऐन कापूस वेचणीत जीप चार दिवस खोललेली पडली. बोल्ट होता काही रुपयांचा!

लोखंड गंजले की फुगते. तो गंज आट्यांत पाचरीसारखा बसतो. सायलेन्सरकडचे बोल्ट सतत तापतात, म्हणून ते हमखास धरतात. आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करा, डिझेल किंवा पातळ तेल सोडा आणि रातभर राहू द्या. सकाळी मुंडक्यावर हातोडीचे हलके ठोके द्या. मग सहा कोनांचा रिंग पाना लावून बोल्ट आधी किंचित आवळा, मग सोडा. पुन्हा आवळा, पुन्हा सोडा. करकर वाजले की थांबून आणखी तेल द्या.

तरीही हलला नाही, तर तेल पुसून, डिझेलची टाकी दूर ठेवून बोल्टाभोवतीचे बीड गॅसने तापवावे. बीड पसरते, पकड सुटते. हे मात्र वेल्डिंगवाल्याकडूनच करवा.

खोळंबा होतो म्हणाल. एका रात्रीचा होतो, कबूल. तुटका बोल्ट ड्रिलने काढून नवे आटे पाडायला तालुक्याला किती खेटे घालावे लागतात, ते मला विचारा.