चमचाभर पेस्टो आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी



"आईचे जेवण अगदी तुटले आहे, डॉक्टर," हे वाक्य माझ्या दवाखान्यात आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकू येते. सांगणारा काळजीने सांगत असतो आणि जिच्याविषयी सांगायचे ती माउली शेजारच्या खुर्चीत अपराध्यासारखी मान खाली घालून बसलेली असते. वास्तविक अपराध तिचा नसतो. वयाबरोबर घ्राणशक्ती मंदावते, आणि आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचाच असतो. त्यात कवळी सैल झालेली असते, काही औषधांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठाचा त्रास असतो, आणि पंगतीला बसणारे माणूस कायमचे निघून गेलेले असते. अशा जिभेला फिकी पेज आणि मऊ खिचडी रोज देऊन "खा ना गं" असा आग्रह करण्यात फारसा अर्थ नसतो.

आजचा लेख एका परदेशी चटणीविषयी आहे. तिने माझ्या एका रुग्ण आजींना पुन्हा जेवायला लावले, आणि मला एक चूक दाखवून दिली. दोन्ही गोष्टी सांगण्याजोग्या आहेत.

आजींचे वय ७६. हृदयात धातूची कृत्रिम झडप बसवून बरीच वर्षे झालेली. यजमान गेल्यानंतर चार महिन्यांत त्यांचे वजन पाच किलोने उतरले. तपासण्यांत नवे काही आढळले नाही. त्याच सुमारास त्यांची नात स्थापत्यशास्त्राचे एक सत्र इटलीतील जेनोव्हा शहरात पूर्ण करून परतली आणि तेथे घरमालकिणीकडून शिकलेला पेस्टो तिने आजीसाठी केला. आजींनी तो मऊ भातात कालवला आणि कितीतरी दिवसांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

हा पेस्टो म्हणजे काय?

पेस्टो ही इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील लिगुरिया प्रांताची चटणी. जेनोव्हा ही त्या प्रांताची राजधानी. नावाचा अर्थच 'कुटलेले'. बेसिलची कोवळी पाने, लसूण, चिलगोजाच्या जातीचे पाइनचे दाणे, मुरवलेले चीज, जाडे मीठ आणि ऑलिव्ह तेल, एवढाच तिचा संसार. संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने ती कुटण्याची तेथील रीत आहे. आपल्या घरचा दगडी खलबत्ता तिला परका वाटणार नाही.

बेसिलही आपल्याला परके नाही. उन्हाळ्यात सरबतात भिजवून घालतो तो सब्जा याच जातीच्या झाडाचे बी होय. मात्र आपल्या सब्ज्याच्या रोपाला पुष्कळदा बडीशेपेसारखा वास येतो. जेनोव्हाच्या बेसिलचा वास अधिक सौम्य व गोडसर असतो. अंगणातली तुळस ही त्याच कुळातली, पण वेगळ्या जातीची. तिचा वास लवंगेकडे झुकतो आणि चव तिखट लागते, म्हणून पेस्टोसाठी ती उपयोगी नाही. शहरांतील भाजीबाजारात आता बेसिल मिळते. कुंडीतही सहज वाढते. तुरे येताच खुडावेत, म्हणजे पाने येत राहतात.

घरी करावा कसा?

चौघांच्या कुटुंबासाठी पुढील प्रमाण घ्यावे: बेसिलची पाने ५० ग्रॅम, काजू किंवा अक्रोड २५ ग्रॅम (चिलगोजे परवडत असतील तर उत्तमच), किसलेले कडक चीज ३० ग्रॅम, लसणाची एक लहान पाकळी, ऑलिव्ह तेल ५० मिलिलिटर आणि चिमूटभर मीठ. याचा साधारण दहा मोठे चमचे पेस्टो होतो.

पाने धुऊन स्वच्छ फडक्यावर पूर्ण कोरडी करावीत. पाणी राहिले तर चटणी लवकर काळवंडते. खलात प्रथम लसूण व मीठ वाटावे, मग दाणे, मग थोडी थोडी पाने घालून कुटावीत. शेवटी चीज आणि धारेने तेल. मिक्सर वापरायचा असल्यास भांडे आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे आणि थांबून थांबून फिरवावे. सलग फिरवल्याने पाती तापतात, पाने करपल्यासारखी काळी पडतात आणि वास उडतो. आपल्याला तर वासच हवा आहे.

पेस्टो शिजवू नये. पदार्थ चुलीवरून उतरल्यावर तो कालवावा. जेनोव्हाचे लोक पास्त्याबरोबर त्याच पाण्यात बटाटा आणि फरसबी उकडतात व त्यावर पेस्टो घालतात. आपण उकडलेला बटाटा आणि फरसबी घ्यावी, मऊ भात घ्यावा, किंवा तव्यावरच्या ताज्या फुलक्याला लावावा. कवळी असणाऱ्यांसाठी दाणे अगदी बारीक वाटावेत. अक्रोडाचा तुकडा हिरडी आणि कवळी यांच्यामध्ये अडकला की पुढचे चार घास नकोसे होतात. अर्धांगवायूनंतर गिळताना ठसका लागत असेल, तर कोणताही नवा पदार्थ डॉक्टरांना विचारल्याखेरीज देऊ नये.

शाकाहारी कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पारंपरिक इटालियन पार्मेझान चीज वासराच्या जठरातील रेनेटने विरजतात. आपल्याकडे बनणाऱ्या अनेक चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासून केलेले रेनेट असते. वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहूनच खरेदी करावी.

अन्न कमी जाणाऱ्या वृद्धासाठी या चटणीचा मोठा गुण म्हणजे थोडक्यात पुष्कळ ऊर्जा. एक मोठा चमचा तेलातच सुमारे १२० किलोकॅलरी असतात. लहान पोटात मोठा घास मावत नाही, तेथे हे उपयोगी पडते. ज्यांचे वजन आधीच अधिक आहे त्यांनी हाच गुण दोष समजून हात आखडता ठेवावा.

माझी चूक

नात कौतुकाने एक वाटी दवाखान्यात घेऊन आली. मी चव घेतली, शाबासकी दिली, "रोज द्या" असे सांगितले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. आजींच्या कागदावर 'वॉरफॅरिन' हा शब्द माझ्याच अक्षरात लिहिलेला होता. तो माझ्या डोळ्यांसमोर होता, ध्यानात नव्हता.

धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉरफॅरिन देतात. रक्त गोठवणारी काही प्रथिने यकृतात तयार होतात. त्यासाठी जीवनसत्त्व के लागते. वॉरफॅरिन नेमके त्याच कामात अडथळा आणते. म्हणजे गोळी आणि हिरवी पाने तराजूच्या दोन पारड्यांत बसलेली असतात. बेसिलच्या १०० ग्रॅम पानांत सुमारे ४०० मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व के असते. वरील प्रमाणाने केलेल्या पेस्टोच्या एका मोठ्या चमच्यात साधारण २० मायक्रोग्रॅम येते. एखाद्या चमच्याने काही बिघडत नाही. पण आजी दोन्ही वेळा मिळून पाच-सहा चमचे घेऊ लागल्या होत्या, आणि भूक परतल्यामुळे सोडून दिलेली पालेभाजीही सुरू झाली होती.

तीन आठवड्यांनी नेहमीची आयएनआर तपासणी झाली. त्यांच्यासाठी ती २.५ ते ३.५ च्या दरम्यान असावी, असे हृदयरोगतज्ज्ञांनी ठरवून दिलेले होते. अहवालात आकडा होता १.६. इतक्या खालच्या आकड्यावर झडपेवर गुठळी धरू शकते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. मी त्याच संध्याकाळी तज्ज्ञांना दूरध्वनी केला आणि मग आजींच्या घरी गेलो. सुदैवाने काही अघटित घडलेले नव्हते.

आजींनी पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे आता ही चटणी बंद का, डॉक्टर?" त्यांच्या आवाजात जे होते ते ऐकून "हो" म्हणवेना, आणि म्हणण्याची गरजही नव्हती. तज्ज्ञांच्या सल्ल्याने आम्ही चटणी ठेवली, प्रमाण बांधले: दुपारच्या जेवणात दोन चमचे, रोज, न वाढवता आणि न चुकवता. पालेभाजीही तेवढीच. त्या आहाराला धरून गोळीची मात्रा बदलली. पुढील काही आठवडे तपासणी लवकर लवकर केली आणि आकडा जागेवर आला.

कोणी काय सांभाळावे?

वॉरफॅरिन किंवा त्याच गटातील असिनोकुमारॉल घेणाऱ्यांना पालेभाजी वर्ज्य नाही. तिच्यात एकदम चढउतार नसावा. हे पेस्टोलाच नव्हे, तर पालक, मेथी, शेवग्याचा पाला, वाटीभर कोथिंबिरीची चटणी या सर्वांना लागू आहे. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. चातुर्मासात काही घरांत पालेभाज्या थांबतात. तेव्हा आयएनआर वर चढून रक्तस्रावाचा धोका संभवतो. व्रत धरण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रान या नव्या औषधांना हे पथ्य नाही. पण म्हणून गोळी आपल्या मनाने बदलू नये. धातूच्या झडपेसाठी ही नवी औषधे चालत नाहीत.

उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी चीजमधील मीठ हिशेबात धरून वरून मीठ घालूच नये. मूत्रपिंडाचा विकार असल्यास चीज व दाणे किती चालतील, हे आधी विचारून घ्यावे.

साठवणीविषयी मात्र सर्वांनीच कडक राहावे. तेलात बुडालेल्या कच्च्या लसणात, हवा न पोहोचल्याने, बोट्युलिझम हा प्राणघातक आजार घडवणारे जिवाणू वाढू शकतात. वास किंवा रंग बदलेलच असे नाही. म्हणून पेस्टो ओट्यावर ठेवू नये. फ्रिजमध्ये ठेवावा व तीन दिवसांत संपवावा. वरचा तेलाचा थर रंग टिकवतो, जिवाणू रोखत नाही. अधिक केला असल्यास बर्फाच्या साच्यात चमच्या-चमच्याने गोठवावा. वीज चार तासांहून अधिक काळ गेली, तर फ्रिजमधला पेस्टो निःसंकोच टाकून द्यावा.

शेवटी, घरातील वृद्धांची काळजी घेणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना औषधांच्या पिशवीबरोबर एक चिठ्ठी न्या. गेल्या महिन्यात स्वयंपाकघरात काय नवे सुरू झाले आणि काय बंद झाले, एवढेच तिच्यावर लिहा. मी आता वॉरफॅरिन घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाला हे विचारतो. आजींची नात ती चिठ्ठी न विसरता आणते. गेल्या खेपेस तिच्यावर लिहिले होते: "आजीचे वजन दोन किलो वाढले. पेस्टो दोनच चमचे. भांडण रोज."