न दिसणारा भोवरा

भोवरा म्हटलं की आठवतो जाळी गुंडाळून फेकायचा लाकडी, नाहीतर पुरात नदीवर दिसतो तो. आज ज्याच्याबद्दल बोलायचंय तो तुम्हाला दिसणारच नाही. समुद्रात किलोमीटरभर खाली तो गरगरत असतो, वरच्या लाटांना पत्ताही नसतो.

भूमध्य समुद्र तसा कोंडलेला. ऊन रग्गड, नद्यांचं पाणी त्यामानाने कमी, म्हणून तो खारट आणि जड. हे पाणी जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून तळालगत अटलांटिकमध्ये उतरतं, आणि त्याच वेळी वरून अटलांटिकचं पाणी आत शिरतं. एकाच दारातून आत-बाहेर, धक्काबुक्की न करता! (लोकलच्या दारात आपल्याला हे अजून जमलेलं नाही.) बाहेर पडलेलं पाणी साधारण हजार मीटरवर स्थिरावतं. त्यातले काही गोळे सुटून फिरत फिरत दूर निघतात. शास्त्रज्ञांनी त्यांचं नाव ठेवलंय 'मेडी'.

१९८४ मध्ये अशीच एक मेडी सापडली, 'शॅरन'. जाडी सुमारे ८०० मीटर, रुंदी जवळपास १०० किलोमीटर. म्हणजे एक टोक दादरला धरलं तर दुसरं पार तळेगावला! तिच्यात आवाज करणारे फ्लोट सोडून दोन वर्षं पाठलाग केला. ती हजारेक किलोमीटर दक्षिणेला गेली. फिरणारं पाणी बाहेरच्यात सहज मिसळत नाही, म्हणून भूमध्याचं खारट, कोमट पाणी तिने इतक्या लांब नेलं. कडेने झिजत झिजत शेवटी झीज गाभ्यापर्यंत पोचली.

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? अहो, समुद्रातली उष्णता आणि मीठ कुठे जातं यावर हवामानाचं गणित उभं आहे. अनेक मॉडेलांची जाळी इतकी मोठी, की असे भोवरे त्यातून निसटतात. उपग्रह पाहतो तो मुख्यतः पृष्ठभाग. खाली मोजायचं तर यंत्रं पाण्यात सोडावी लागतात, वर्षानुवर्षं, आणि अशा कंटाळवाण्या मोजमापाला पैसा द्यायला सरकारं नाखूश असतात. आमच्या मते तो आधी द्यायला हवा.

जगभरच्या समुद्रांत आज आर्गोचे हजारो फ्लोट आहेत, भारताचेही. दर दहा दिवसांनी ते दोन किलोमीटर खोलीपासून वर येत मोजतात, आणि माहिती सगळ्यांना फुकट! थोडंफार पायथन येतं ना? मग उत्तर अरबी समुद्रातल्या एका फ्लोटच्या क्षारतेचा आलेख काढा. दोन-तीनशे मीटरवर रेघ अचानक खारट बाजूला सरकली, तर ते पाणी बहुधा इराणच्या आखातातून आलेलं आहे.