झाडाचा जन्म नको, वर्तन पाहा

वृक्षारोपणाचा हंगाम आला की 'विदेशी झाडे हटवा' अशी घोषणा ऐकू येते. मग मिरची, पेरू, टोमॅटो कुठले? तेही अमेरिका खंडातूनच आले व गरिबाच्या ताटात रुजले. तेव्हा जन्मस्थान हा गुन्हा नव्हे. कसोटी एकच : हे झाड इतरांना जगू देते काय?

या कसोटीवर गाजर गवत दोषी ठरते. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात आढळले आणि देशभर पसरले. ते भोवतीच्या वनस्पतींना वाढू देत नाही. त्याने त्वचारोग व दम्याचा त्रास होतो. हे गवत उपटते कोण? शेतमजूर बाई आणि सफाई कामगार, तेही उघड्या हातांनी! त्यांना हातमोजे मिळालेच पाहिजेत. गवत फुलावर येण्यापूर्वीच मुळासकट उपटावे.

इंग्रजांच्या काळात शोभेसाठी आणलेल्या घाणेरीने जंगलातील चाऱ्याची जागा बळकावली. तिच्या फुलांवर फुलपाखरे बसतात खरी. पण त्यांच्या अळ्यांना रुई, कढीपत्ता, लिंबू अशी आपापली झाडे लागतात. भोपळा, दोडक्याला फळ धरते तेही कीटकांमुळेच.

म्हणून विहार, वसतिगृह, समाजमंदिराच्या आवारात करंज, पळस, शेवगा लावा. विषारी फवारणी टाळा. मुलांना झाडांची ओळख करून द्या. त्यासाठी तज्ज्ञाची वाट पाहू नका. जन्मभर निंदणी-खुरपणी केलेली आजी वस्तीतच आहे. तिला शिक्षिका म्हणून सन्मानाने बोलवा!